अमिनो ॲसिडची पावडर सुरू करण्यापूर्वी : दुष्परिणाम ओळखण्यासाठी नवशिक्यांकरिता क्रमवार मार्गदर्शन

सांगली-मिरज रस्त्यावरची जिम असो, तासगाव-पलूस भागातली तालीम असो किंवा साताऱ्यात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांचे मैदान असो, व्यायामाला लागून महिना होत नाही तोच नव्या मुलाला कोणीतरी विचारतेच, ‘अमिनो चालू केलेस का?’ सांगलीत औषधविक्रीच्या व्यवसायात बरीच वर्षे घालवल्यामुळे या प्रश्नानंतर काय घडते ते मी काउंटरच्या पलीकडून पाहत आलो आहे. मुलगा डबा विकत घेतो, स्कूपने मोजून पितो, आणि पोट बिघडले किंवा अंगाला मुंग्या आल्या की कोणाला विचारावे हे न कळून गप्प राहतो. घरच्यांना डब्याची कल्पनाच नसते आणि डॉक्टरांना तो डब्याविषयी सांगत नाही. ज्याने अजून डबा उघडलेला नाही किंवा नुकताच उघडला आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि कोणता त्रास कशामुळे होतो, हे त्यात सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘अमिनो’ हे एका पदार्थाचे नाव नाही. आपल्या शरीरातील प्रथिने २० प्रकारच्या अमिनो ॲसिडपासून बनतात. त्यांपैकी ९ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, म्हणून ती आहारातूनच मिळवावी लागतात. या वीसांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि म्हणूनच प्रत्येकाचा दुष्परिणामही वेगळा आहे. ल्युसिन घेणाऱ्याला जो त्रास होईल तो आर्जिनिन घेणाऱ्याला होईलच असे नाही, आणि ट्रिप्टोफॅन घेताना जी खबरदारी लागते ती ग्लुटामिनला लागू पडत नाही. त्यामुळे ‘अमिनोचे साइड इफेक्ट काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. ‘कोणते, किती आणि कोणाला?’ असे विचारले तरच उत्तर देता येते.

पहिली पायरी : गरज आहे का, हे ताटावरून ठरवावे

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. याचा अर्थ ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. कसून मेहनत करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातील तज्ज्ञ किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण सांगतात. या हिशेबाने त्याच माणसाची गरज ८४ ते १२० ग्रॅमपर्यंत जाते. याच दोन संस्थांच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मात्र शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत असाच सल्ला दिलेला आहे.

आपल्या भागातील रोजच्या जेवणाचा हिशेब करून पाहावा. अर्धा लिटर दुधातून सुमारे १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ते ८ ग्रॅम आणि तेवढ्याच कोरड्या मटकीच्या उसळीतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी, भात, आमटी आणि दही यांतून मिळणारी प्रथिने त्यात आणखी मिळवायची आहेत. ज्वारीत लायसिन हे अमिनो ॲसिड कमी असते, तर डाळी-कडधान्यांत ते भरपूर असून मेथिओनिन कमी असते. त्यामुळे भाकरीसोबत पिठले, उसळ किंवा हुलग्याचे माडगे घेतले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आज्या-पणज्यांनी ही जोडी शास्त्राचे नाव न घेता जमवली होती, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता डब्याकडे पाहू. बाजारात सर्वाधिक खपणारे पूरक म्हणजे बीसीएए. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो ॲसिडे बहुधा २:१:१ या प्रमाणात असतात आणि एका स्कूपमधून साधारण ५ ग्रॅम मिळतात. दुधाच्या प्रथिनांत याच तिघांचा वाटा सुमारे एक पंचमांश असतो, म्हणजे वर सांगितलेल्या अर्ध्या लिटर दुधातूनच ती ३ ग्रॅमच्या पुढे मिळून जातात. शिवाय स्नायू बांधायला तीन नव्हे, नऊच्या नऊ आवश्यक अमिनो ॲसिडे हजर असावी लागतात. विट्याच्या यंत्रमागावर नऊ रंगांचे कापड विणायचे असेल आणि तीनच रंगांच्या सुताची रास घातली असेल, तर रास कितीही मोठी असली तरी ते कापड पुरे होत नाही. ज्याच्या जेवणात प्रथिने पुरेशी आहेत, त्याला बीसीएएचा वेगळा लाभ फारसा होत नाही. लाभ नसला तरी दुष्परिणामाची शक्यता उरतेच, म्हणून हा हिशेब सर्वांत आधी करायचा.

दुसरी पायरी : डब्यावरील मजकूर नावांसह वाचावा

डबा हातात घेतल्यावर पुढच्या बाजूवरील मोठी अक्षरे सोडून मागील तक्ता वाचावा. त्यात प्रत्येक अमिनो ॲसिडचे नाव आणि एका स्कूपमधील ग्रॅम वेगवेगळे दिलेले असले पाहिजेत. काही डब्यांवर केवळ ‘मिश्रण’ असे म्हणून एकूण वजन छापलेले असते. आपण कशाचे किती घेत आहोत हेच त्यावरून कळत नसल्यामुळे नवशिक्याने असा डबा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्त्यातील आकडे १०० ग्रॅम पावडरीचे आहेत की एका स्कूपचे, हेही पाहावे, कारण या एका गल्लतीपायी दुप्पट-तिप्पट मात्रा घेतलेली मुले मी पाहिली आहेत.

या वीस अमिनो ॲसिडांखेरीज डब्यात आणखी काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. व्यायामाआधी घ्यायच्या मिश्रणांत कॅफिन, बीटा-अलॅनिन (या विसांत न मोडणारे एक अमिनो ॲसिड), नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) आणि कृत्रिम गोडवा आणणारे पदार्थ असतात, आणि पुष्कळदा त्रास त्या विसांमुळे नव्हे, तर यांच्यामुळे होतो. एका कप चहात साधारण ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असते आणि वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे. दिवसभरात चार-पाच कप चहा घेणाऱ्या मुलाने संध्याकाळी कॅफिनयुक्त पावडर घेतली, तर छातीत धडधडणे आणि रात्री झोप न लागणे यांचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

तिसरी पायरी : आपला आजार आणि आपली औषधे पडताळावीत

लेखातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण वगळतात. निरोगी तरुणाला अमिनो ॲसिडांचा त्रास झाला तरी तो बहुधा पोटापुरता राहतो. गंभीर दुष्परिणाम मुख्यतः अशांना होतात ज्यांना आधीच एखादा आजार असतो किंवा एखादे औषध चालू असते.

मूत्रपिंड किंवा यकृत यांचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणतेही अमिनो ॲसिड घेऊ नये. अमिनो ॲसिडचा वापर होताना त्यातील नायट्रोजनापासून अमोनिया तयार होतो, यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो युरिया बाहेर टाकतात. या साखळीतील एक कडी दुबळी असेल तर जादा भार पेलवत नाही. यकृताच्या काही रुग्णांना तज्ज्ञ स्वतःच बीसीएए देतात हे खरे, पण तो उपचार असतो, आणि त्याची मात्रा जिममधल्या मित्राने नव्हे, डॉक्टरांनी ठरवलेली असते. मधुमेही आणि रक्तदाबाचा रुग्ण यांना आपल्या मूत्रपिंडांची अवस्था पुष्कळदा ठाऊक नसते, त्यामुळे त्यांनीही स्वतःला याच गटात मोजावे.

आर्जिनिन शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. जिममध्ये ज्याला ‘पंप’ म्हणतात तो परिणाम याच गुणाच्या भरवशावर विकला जातो. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या, छातीतील दुखण्यासाठीच्या नायट्रेट गोळ्या किंवा सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरील गोळी) घेणाऱ्याने सोबत आर्जिनिन घेतले, तर दाब एकाएकी घसरून चक्कर येऊ शकते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर ते घेऊच नये. अमेरिकेत १५३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्यानंतर आर्जिनिन दिलेल्या गटात ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही झाला नाही, आणि ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ज्यांच्या ओठांवर वारंवार पाणी भरलेले फोड उठतात, म्हणजे ज्यांना हर्पिसचा त्रास आहे, त्यांचा त्रास आर्जिनिनने पुन्हा उफाळू शकतो.

ट्रिप्टोफॅन आणि त्यापासून बनणारे ५-एचटीपी ही पूरके शांत झोपेसाठी म्हणून विकली जातात. त्यांपासून मेंदूत सेरोटोनिन तयार होते. नैराश्य किंवा चिंतेवरील अनेक औषधेही सेरोटोनिन वाढवणारीच असतात. दोन्ही एकत्र आली तर घाम, थरथर, ताप, बेचैनी, गोंधळलेपणा आणि स्नायूंचा ताठरपणा अशी अवस्था उद्भवू शकते, आणि ती जीवावर बेतू शकते. मनोविकाराची औषधे चालू असल्याचे काउंटरवर सांगायला आपल्याकडे लोकांना अजूनही संकोच वाटतो. तो संकोच मी समजू शकतो, तरीही औषधविक्रेत्याला निदान बाजूला घेऊन सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टायरोसिन हे थायरॉइडच्या संप्रेरकाचा कच्चा माल आहे. त्यामुळे थायरॉइडचे कार्य वाढलेल्यांनी आणि नैराश्य किंवा कंपवातावरील एमएओ-रोधक गटातील औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना ताकद यावी म्हणून नातवाचा डबा देणारी घरेही आहेत. लेव्होडोपा आणि ल्युसिन, फेनिलअलॅनिन यांसारखी अमिनो ॲसिडे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना एकाच वाहकाचा आधार घेतात. पावडरीची गर्दी झाली की औषध मागे राहते, आणि आजोबांचा कंप अचानक का वाढला हे कोणालाच कळत नाही.

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्यांना फेनिलअलॅनिन वर्ज्य असते, आणि ॲस्पार्टेम घातलेल्या गोड पावडरीतूनही ते मिळते. मेपल सिरप मूत्ररोग हा दुसरा जन्मजात दोष असलेल्यांना बीसीएए वर्ज्य असतात. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया तसेच १८ वर्षांखालील मुले यांनी ही पूरके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शाळकरी पैलवानाला डबा आणून देणाऱ्या पालकांना मी दरवेळी परत पाठवतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर पावडर बंद करण्याविषयी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारावे, कारण बीसीएएमुळे रक्तातील साखरेचे प्रमाण हलू शकते.

ग्लुटामिन अशक्तपणावर चांगले, असा समज घरोघरी पसरला आहे, आणि अतिदक्षता विभागात दाखल असलेल्या रुग्णासाठी नातेवाईक बाहेरून डबा मागतात. एकाहून अधिक अवयव निकामी होत असलेल्या अत्यवस्थ रुग्णांना ग्लुटामिन दिल्यास मृत्यूंचे प्रमाण वाढते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले होते. दाखल असलेल्या रुग्णाला बाहेरून आणलेले कोणतेही पूरक द्यायचे नाही, हा नियम घरातील सर्वांना सांगून ठेवावा.

चौथी पायरी : आधी साध्या तपासण्या करून घ्याव्यात

रक्तदाब, रक्तातील साखर, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि यकृताची एसजीओटी-एसजीपीटी ही तपासणी पावडर सुरू करण्यापूर्वी एकदा करावी आणि कागद जपून ठेवावा. पुढे काही त्रास झाला तर तुलनेला आधार असावा, हा त्यामागचा मुख्य हेतू आहे. रक्त देण्यापूर्वी काही दिवस जड व्यायाम टाळावा, कारण कसून मेहनत केल्यानंतर स्नायूंतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे एसजीओटी, आणि काही वेळा एसजीपीटीसुद्धा, अनेक दिवस वाढलेली दिसते आणि यकृत निरोगी असूनही माणूस धास्तावतो. क्रिएटिन हे जिममधले दुसरे पूरक घेणाऱ्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंडांना इजा न होताही थोडे वाढलेले येऊ शकते, म्हणून आपण काय घेत आहोत हे अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

पाचवी पायरी : एका वेळी एकच पूरक, तेही अर्ध्या मात्रेने

दोन डबे एकाच दिवशी सुरू केले तर त्रास कशाचा हे ओळखता येत नाही. म्हणून एकच पूरक निवडावे, डब्यावरील मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि किमान एक आठवडा तसेच चालू ठेवावे. एका छोट्या वहीत तारीख, वेळ, मात्रा, सोबत काय खाल्ले आणि काय जाणवले एवढे लिहावे.

सर्वाधिक आढळणारा त्रास पोटाचा असतो. मळमळ होते, पोट फुगते, मुरडा येतो आणि जुलाब होतात. आपण भाकरी-उसळ खातो तेव्हा त्यातील प्रथिने हळूहळू पचून अमिनो ॲसिडे थोडी-थोडी सुटतात. पावडरीतील अमिनो ॲसिडे मात्र सुटीच असतात, ती एकदम आतड्यात उतरतात, आणि द्रावण घट्ट असेल तर शरीरातील पाणी आतड्याकडे ओढले जाते. पातळ शौच होण्याचे कारण हेच असते. एका वेळी ९-१० ग्रॅमहून अधिक आर्जिनिन घेतले की हा त्रास विशेष होतो. उपायही सोपा आहे. स्कूप ग्लासभर पाण्यात न घालता अर्ध्या लिटरमध्ये घालावा, एका दमात न पिता घोट घोट घ्यावा, अगदी उपाशीपोटी घेऊ नये आणि दिवसाची मात्रा दोन वेळांत विभागावी. एवढे करूनही चार दिवसांत पोट स्थिरावले नाही, तर ते पूरक आपल्याला मानवत नाही असे समजून सोडून द्यावे.

बीटा-अलॅनिनचा परिणाम नवशिक्याला सर्वाधिक घाबरवतो. भरतीची तयारी करणारा एक मुलगा एका रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी धापा टाकत आला होता. चेहरा, कान आणि हातांच्या पाठी मुंग्या येऊन चुणचुणत होत्या, आणि आपल्याला विषबाधा झाली असे त्याने मनाशी पक्के धरले होते. मी त्याला आधी बसवले. श्वास नीट आहे ना, ओठांना सूज किंवा अंगावर गांधी नाहीत ना, हे पाहिले आणि डबा पाहायला मागितला. एका स्कूपमध्ये ३.२ ग्रॅम बीटा-अलॅनिन होते आणि त्याने दोन स्कूप घेतले होते. या पदार्थामुळे त्वचेतील मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. मुंग्या साधारण पाव तासाने सुरू होतात आणि तास-दीड तासात आपोआप ओसरतात. त्यातून इजा झाल्याचे ज्ञात नाही, आणि मात्रा ०.८ ते १.६ ग्रॅमच्या भागांत विभागली की त्या बहुधा जाणवतही नाहीत. तो मुलगा तासाभरात बरा होऊन घरी गेला. मात्र मुंग्यांसोबत गांधी, सूज किंवा दम लागणे असेल तर ती ॲलर्जी समजून तत्काळ रुग्णालय गाठायचे असते, हेही मी त्याला लिहून दिले.

कार्निटिन हे खरे पाहता प्रथिनांतील अमिनो ॲसिड नव्हे, पण ते याच कपाटात ठेवलेले असते. त्याच्या जास्त मात्रेने घामाला आणि लघवीला मासळीसारखा वास येऊ शकतो. मेथिओनिन जास्त घेतल्यास रक्तातील होमोसिस्टीन (हृदयविकाराच्या धोक्याशी जोडला गेलेला घटक) वाढते. फळांच्या चवीच्या पावडरीत सायट्रिक आम्ल असते, आणि ती तासन्‌तास घोट घोट घेत राहिल्यास दातांचे आवरण झिजू शकते. म्हणून पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी.

उन्हाळ्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. एप्रिल-मेमध्ये सांगली, तासगाव, जत, आटपाडी या पट्ट्यात ऊन असह्य असते, आणि याच दिवसांत गावोगावच्या जत्रांची कुस्ती मैदाने भरतात. वजनी गटात बसण्यासाठी पैलवान पाणी तोडतात, अंगावर जाड कपडे घालून धावतात, आणि ताकद टिकावी म्हणून वरून अमिनो घेतात. पाणी कमी आणि युरिया जास्त अशी ही अवस्था मूत्रपिंडांना अतिशय कष्टाची असते. पाणी तोडलेल्या दिवशी कोणतेही अमिनो घ्यायचे नाही, हे वस्तादांनी तालमीतच पक्के करून टाकले तर पुष्कळ अनर्थ टळेल. यवतेश्वरच्या घाटातून पावसाळी हवेत धावणाऱ्या सातारच्या धावपटूला घाम जाणवत नाही, पण पाणी त्याच्याही शरीरातून जातच असते.

सहावी पायरी : कधी थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवावे

पोटाचा किरकोळ त्रास, थोड्या मुंग्या किंवा हलकी डोकेदुखी असेल तर मात्रा कमी करून पाहता येते. मात्र पुढील गोष्टींत वाट पाहायची नाही. चेहरा, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, छातीत दुखणे आणि भोवळ येऊन पडणे यांत थेट तातडीच्या विभागात जावे किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आणि सोबत स्नायू कमालीचे दुखत असतील, तर अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडांत उतरत असण्याची शक्यता असते, आणि तेथे काही तासांचा उशीरही महाग पडतो. डोळे पिवळे दिसणे, पायांवर सूज येणे, लघवीला सतत फेस येणे, अकारण गोंधळलेपणा किंवा सुस्ती येणे यांत त्याच दिवशी पावडर बंद करून डॉक्टरांना दाखवावे. सबंध पश्चिम महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण मिरजेला उपचारांसाठी येतात. आपल्या भागातील माणसाला मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे तज्ज्ञ गाठणे त्यामुळे अवघड नाही. अवघड असते ते डॉक्टरांसमोर डब्याविषयी खरे सांगणे. जाताना डबा सोबतच न्यावा, कारण ‘कसलीतरी पावडर घेतो’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

सातवी पायरी : खरेदी आणि भेसळ

अमिनो ॲसिड स्वतः निर्दोष असूनही त्यातील अशुद्धीने अनर्थ ओढवल्याचे उदाहरण इतिहासात आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना असह्य स्नायुदुखी होऊ लागली आणि त्यांच्या रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्याचे आढळले. दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि तीसहून अधिक मृत्युमुखी पडले. या साथीचा संबंध मुख्यतः एकाच उत्पादकाच्या मालातील अशुद्धीशी जोडला गेला. पावडर बनवणे हे किती जबाबदारीचे काम आहे, हे त्यावरून लक्षात यावे.

म्हणून सुटी, पुन्हा पाकिटात भरलेली किंवा बिलाशिवाय मिळणारी पावडर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. डब्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, तसेच औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असली पाहिजे. परवाना क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या शासकीय ॲपवर पडताळता येतो. शाकाहारी वाचकांनी हिरव्या ठिपक्याचे चिन्ह पाहावे, कारण कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते.

ज्यांना कुस्ती, कबड्डी किंवा ॲथलेटिक्समध्ये राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक दुष्परिणाम आहे, आणि तो शरीरावर नव्हे, कारकिर्दीवर होतो. अमिनो ॲसिडे स्वतः प्रतिबंधित यादीत नाहीत, पण पूरकांत लेबलवर न छापलेली स्टेरॉइडे किंवा उत्तेजके सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूच्या नमुन्यात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार धरला जातो, आणि मला ठाऊक नव्हते हे म्हणणे त्याला पुरेसे वाचवत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. त्या मातीतल्या पोराची बंदी एका स्वस्त डब्यापायी व्हावी, या विचारानेच मला वाईट वाटते. अशा खेळाडूने प्रत्येक बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी झालेले उत्पादनच घ्यावे, अन्यथा काहीच घेऊ नये.

सलाईनमधून दिले जाणारे अमिनो

थकवा आला की ‘एक सलाईन लावा’ असे म्हणण्याची सवय आपल्या गावांत जुनी आहे, आणि आता पिवळसर किंवा पांढऱ्या अमिनोच्या बाटलीला विशेष मागणी असते. शिरेतून दिले जाणारे अमिनो ॲसिड तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी असते. त्यामुळे शिरेचा दाह, मळमळ, थंडी वाजून ताप, रक्तातील आम्लता किंवा अमोनिया वाढणे असे परिणाम संभवतात, आणि म्हणूनच ते देखरेखीखाली, संथ गतीने द्यावे लागते. जो माणूस भाकरी चावून खाऊ शकतो, त्याने ते लावून घेण्याचे कारण नाही. खेळाडूंनी हेही लक्षात ठेवावे की रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांव्यतिरिक्त १२ तासांत १०० मिलीलिटरहून अधिक द्रव शिरेतून घेणे जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनी निषिद्ध आहे, मग बाटलीत केवळ मीठ-पाणी का असेना.

त्रास झाल्यास नोंद कोठे करावी

त्रास झाल्यावर डबा रागाने फेकून देऊ नये. उरलेली पावडर तशीच झाकण लावून ठेवावी, बिल जपावे आणि बॅच क्रमांकाचे छायाचित्र काढावे. लेबलमधील फसवणूक किंवा भेसळीचा संशय असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते, तसेच वर सांगितलेल्या ॲपवरूनही ती करता येते. चालू औषधासोबत पूरक घेतल्याने त्रास झाला असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ते कळवता येते. आपल्या डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला सांगितले तर त्यासाठीचा अर्ज तेही भरून देऊ शकतात. तक्रारीत पाचव्या पायरीत सांगितलेल्या वहीतील नोंदी जोडाव्यात. कोणत्या दिवशी किती घेतले आणि त्यानंतर किती वेळाने काय झाले, हे त्या वहीखेरीज दुसरीकडे कोठेही लिहिलेले नसते.